सोलपट्टीची परीक्षा आणि पेटंटाची परीक्षा

२०२३-२४ या एका वर्षात भारताच्या पेटंट कार्यालयाने १,०३,०५७ पेटंटे बहाल केली. २०१४-१५ साली हाच आकडा ५,९७८ होता आणि २०२२-२३ साली ३४,१३४. म्हणजे आठ वर्षांत जेवढी चढण चढलो तिच्या दुपटीहून अधिक उंच उडी पुढच्या एकाच वर्षात मारली गेली. या पराक्रमाबद्दल दिल्लीत सनई-चौघडे वाजले, आणि वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या अर्जांचा निकाल लागला याबद्दल थोडे वाजवावयास हरकतही नव्हती. परंतु पेटंट देणे म्हणजे शिधापत्रिका वाटणे नव्हे. अर्जाच्या दिनांकापासून वीस वर्षे एका माणसाखेरीज अन्य कोणी ती वस्तू बनवू नये, विकू नये, अशी आज्ञा राज्यसंस्था समाजाला देते, तेव्हा त्या कागदाला पेटंट म्हणतात. अशा आज्ञा एका वर्षात तिपटीने वाढल्या. त्यांमागची परीक्षा तिपटीने वाढली काय, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर मोठमोठ्या औषध कंपन्यांच्या गाजलेल्या खटल्यांत शोधून हाती फारसे लागत नाही. तेथे दोन्ही बाजूंस नामांकित वकील असतात, न्यायालये असतात, वर्तमानपत्रांचे मथळे असतात. परीक्षेचा खरा कस लागतो तो लहान वस्तूंत. जिच्या नावाने कोणी मोर्चा काढणार नाही, जिचे चित्र कोणी छापणार नाही अशी एखादी वस्तू घेऊन ती पेटंट कार्यालयाच्या चाळणीतून कशी जाते हे पाहावे. आज आम्ही अशीच एक वस्तू घेतली आहे: बॅटरीच्या इलेक्ट्रोडवरील लेप किती घट्ट चिकटला आहे हे तपासण्यासाठी नमुना तयार करून देणारे उपकरण. नाव ऐकून वाचकांच्या कपाळी आठ्या पडल्या असतील. त्या क्षणभर दूर साराव्यात. कारण या उपकरणात गुंतलेले हित वाटते तेवढे लहान नाही.

आपल्या खिशातील दूरध्वनी, रस्त्यावरील विजेची स्कूटर आणि आता तर विजेच्या बसगाड्यादेखील ज्या लिथियम-आयन बॅटरीवर चालतात, तिच्या पोटात धातूच्या दोन लांबलचक पातळ पट्ट्या असतात. एक तांब्याची, एक ॲल्युमिनियमची. दोहोंची जाडी दहा-पंधरा मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे माणसाच्या केसाहूनही कितीतरी कमी. त्या पट्ट्यांवर काळ्या खळीचा लेप पसरतात. त्या खळीत ऊर्जा साठविणारी भुकटी असते, वीज वाहून नेण्यासाठी काजळी असते आणि हे सारे एकमेकांस व धातूस धरून ठेवण्यासाठी थोडासा बंधक असतो. लेप सुकवितात, रुळांखाली दाबतात, कापतात आणि गुंडाळतात. पुढे बॅटरी भरताना व रिकामी होताना ही भुकटी फुगते आणि आकसते. ग्रॅफाइट सुमारे दहा टक्के फुगते; नव्या जातीच्या बॅटऱ्यांत जे सिलिकॉन मिसळू लागले आहेत ते तर मूळच्या तिपटीइतके फुगू शकते. हा श्वासोच्छ्वास हजार वेळा चालला आणि लेपाची धातूवरील पकड सैल असेल, तर लेप सुटतो. सुटलेला लेप मेलेला लेप. तेवढी बॅटरी कायमची कमी झाली. कधी सुटलेला कण नको त्या जागी जाऊन बसतो, आणि मग जे होते ते केवळ नुकसानीवर भागत नाही.

२०२२ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली आणि नाशिकजवळ मालमोटारीत लादलेल्या वीस स्कूटर जळाल्या, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्यानंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली व वाहनांच्या बॅटऱ्यांविषयीचे ए.आय.एस. १५६ हे मानक डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी कडक केले. त्या आगी लेप सुटल्यामुळेच लागल्या असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बॅटरी पेटण्याची कारणे अनेक असतात. परंतु कारखान्याच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी बॅटरीच्या प्रत्येक अंगाची तपासणी किती काटेकोर होते, हा प्रश्न त्या ज्वाळांनी मध्यमवर्गीयाच्या वाहनतळापर्यंत आणून सोडला, एवढे तरी खरे.

आता ही पकड मोजतात कशी? पद्धत सोपी आहे. आपल्याकडे पाकिटावरील तिकीट सोलून पाहतात तशी. लेप लावलेल्या पट्टीचा सुमारे एक इंच रुंदीचा तुकडा कापावयाचा, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीच्या साहाय्याने तो पोलादी पाटीवर लेपाच्या बाजूने चिकटवावयाचा, वरून रूळ फिरवावयाचा आणि धातूचे मोकळे टोक यंत्राच्या चिमट्यात धरून एका ठरावीक वेगाने काटकोनात किंवा उलट दिशेने ओढावयाचे. सोलण्यास किती बळ लागले ते यंत्र सांगते. चिकटपट्ट्यांच्या तपासणीसाठी अमेरिकेत जे मानक रूढ आहे त्यात दोन किलो वजनाचा रूळ सांगितला आहे. बॅटरीच्या प्रयोगशाळांनी बव्हंशी असल्याच मानकांवरून आपापली रीत बेतली आहे.

ओढणारे यंत्र लाखो रुपयांचे असते आणि ते खोटे बोलत नाही. लबाडी होते ती त्यापूर्वी. तुकडा बोथट पात्याने कापला, कडेला धातूची कुसे उठली आणि लेपास भेगा गेल्या, तर सोलण्याची सुरुवातच भेगेपासून होते. चिकटपट्टीखाली हवेचा फुगा राहिला, तुकडा पाटीवर किंचित तिरका बसला, सकाळच्या पाळीतील सहायकाने रूळ जोराने फिरविला व रात्रपाळीतील सहायकाने हलक्या हाताने, तर एकाच गुंडाळीचे दोन निरनिराळे आकडे येतात. आणि सर्वांत मोठी फसवणूक ही की लेप धातूपासून सुटण्याऐवजी चिकटपट्टीच लेपापासून सुटते. मग यंत्राने दाखविलेला आकडा बॅटरीचा नसून चिकटपट्टीचा असतो, आणि तो आकडा वहीत नोंदवून माल मात्र उत्तीर्ण झालेला असतो. तेव्हा कापणे, बसविणे, चिकटविणे व दाबणे ही चारही कामे माणसाच्या मनगटावर न सोडता एका साच्यात बसवील, दर वेळी तोच दाब देईल, तीच रेघ पाळील असे उपकरण ही चैन नसून तपासणीची पहिली अट आहे.

असे उपकरण बनवावे कोणी? येथे आम्हांला आंबिवलीची आठवण होते. शहाड आणि टिटवाळा यांच्या मधल्या या स्थानकाचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत आलेच तर पोलिसी बातम्यांच्या स्तंभात येते, नाही तर मोहने येथील नॅशनल रेयॉनच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांच्या संदर्भात येते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या या कारखान्याने दोन पिढ्यांना पोटास लावले. २००९ साली तो बंद पडला. त्याच्या जागेवर सिमेंट दळण्याचा कारखाना काढण्याचा प्रस्ताव २०२५ साली पुढे आला आणि रहिवाशांनी त्यास विरोध केला. जमिनीचा हिशेब सर्वांनी केला. परंतु ज्या कारखान्यात सुताचा धागा किती ताणाने तुटतो याची मोजणी रोज होत असते, तेथे नमुना कसा घ्यावा, कसा धरावा, कोणता आकडा फेकून द्यावा याचे ज्ञान शेकडो हातांत साठलेले असते. कारखान्याबरोबर ते ज्ञान कोणत्या यादीत धरले गेले? कोणत्याही लिलावात त्याची बोली झालेली नाही.

हा पट्टा अजूनही अशा ज्ञानास पारखा झालेला नाही. अंबरनाथ येथे संरक्षण खात्याची नौदल-द्रव्य संशोधन प्रयोगशाळा आहे आणि पाणबुडीला पाण्याखाली अधिक काळ राहता यावे यासाठी लागणाऱ्या इंधन-घटावर तिने काम केले आहे. त्या घटालाही इलेक्ट्रोड असतातच. पुण्यास आयसर व केपीआयटी यांनी मिळून सिद्ध केलेल्या सोडियम-आयन बॅटरीची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये झाली. आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २३ मे २०२४ रोजी झालेल्या भीषण स्फोटानंतर धोकादायक रासायनिक कारखाने हलविण्याची भाषा सरकारने पुन्हा एकदा केली. ते हलल्यावर त्या गाळ्यांत काय यावयाचे? गोदामे, की लेथ व मिलिंग यंत्रावर शंभराव्या मिलिमीटरपर्यंत काम करणारी हत्यारशाळा? सूक्ष्म उपकरणांचा धंदा हा या भागाच्या अंगवळणी पडण्यासारखा धंदा आहे. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये प्रगत बॅटऱ्यांच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि ५० गिगावॉट-तास क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. कारखाने उभारण्यासाठी पैसा आला, परंतु कारखान्याच्या आतील तपासणीची हत्यारे आयातच करावयाची असतील, तर घर आपले आणि किल्ली शेजाऱ्याची, अशी अवस्था व्हावयाची. शेजारी कोण हे सांगणे नको. जगातील लिथियम बॅटऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास एकटा चीन बनवितो, आणि २०२५ च्या जुलैत त्याने कॅथोड-द्रव्य बनविण्याच्या काही तंत्रांच्या निर्यातीवर बंधने घातली आहेत.

तेव्हा समजा की आंबिवलीच्या एखाद्या गाळ्यातील कारागिराने वा अभियंत्याने असे उपकरण बनविले आणि पेटंटासाठी अर्ज केला. व्यक्ती, नवउद्योग किंवा लघुउद्योग यांना संगणकावरून अर्ज करण्यास १,६०० रुपये पडतात, परीक्षणाच्या विनंतीस ४,००० रुपये. एवढ्यावरून पेटंट गरिबाच्या आवाक्यात आहे असे कोणी म्हणेल. परंतु सरकारी शुल्क हा खर्चाचा लहान भाग. खरा पैसा लागतो तो तपशीलपत्र लिहून घेण्यास. पेटंटाचे प्राण त्याच्या दाव्यांत असतात आणि दावा लिहिणे ही दस्तलेखनाहूनही अवघड विद्या आहे. एक शब्द अधिक पडला तर शेजारचा कारखानदार तेवढा भाग वगळून नक्कल करण्यास मोकळा. एक शब्द कमी पडला तर परीक्षक म्हणणार, हे तर जगास पूर्वीच ठाऊक होते.

परीक्षक काय पाहतो? कायद्याच्या भाषेत वस्तू नवी हवी, उद्योगात उपयोगी हवी आणि तिच्यात कल्पकतेचे पाऊल हवे. या तिसऱ्या शब्दाची व्याख्या १९७० च्या पेटंट कायद्यात पुढील दुरुस्त्यांनी घातली गेली: पूर्वज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती असावी किंवा आर्थिक महत्त्व असावे, अथवा दोन्ही, आणि त्या कसबात निष्णात असलेल्या माणसास ती गोष्ट उघड वाटता कामा नये. शिवाय कलम ३ मध्ये जे शोध शोधच नव्हेत अशांची यादी आहे, तीत एक पोटकलम असे की ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी, फेरमांडणी वा पुनरावृत्ती, ज्यात प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे आपले ठरलेले काम ठरलेल्या रीतीने करीत असते, ती पेटंटास पात्र नाही. आमच्या आंबिवलीकराची गाठ पडणार ती या पोटकलमाशी. पाते ज्ञात, रूळ ज्ञात, चिमटा ज्ञात, पाटी ज्ञात. चार ज्ञात वस्तू एका चौकटीत बसविल्या म्हणून शोध होत नाही, असे परीक्षक म्हणणार, आणि त्याचे म्हणणे वरवर पाहता खोडून काढण्यासारखे नाही.

ते खोडून काढावयाचे असेल तर एकच मार्ग आहे. चारही अवयव एकमेकांचे काम बदलतात हे दाखवावे लागेल. उदाहरणार्थ, पट्टी आधी कापून मग चिकटविण्याऐवजी ती आधी चिकटवून, रुळाने दाबून, पाटीचा आधार असतानाच कापली, तर कडेस कुसे उठत नाहीत व लेपास भेगा जात नाहीत. आणि रूळ ज्या खाचेतून सरकतो तीच खाच पात्यासही रेघ देत असेल तर तिरपेपणास वाव राहत नाही. येथे पाते हे नुसते पाते राहिले नाही. रुळाने केलेल्या कामावर त्याचे काम अवलंबून आहे. ही गोष्ट शब्दांनी सांगून भागत नाही. हाताने केलेले नमुने व उपकरणाने केलेले नमुने यांच्या आकड्यांतील पसारा शेजारी शेजारी मांडून तपशीलपत्रातच द्यावा लागतो. आमच्याकडील अर्जदार उपकरणाचे गुणगान पानेच्या पाने करतात आणि हा एक तक्ता द्यावयास विसरतात. मागाहून तो तक्ता पुढे केला तरी नव्या मजकुराची भर घालण्यास कायदा हात आखडतो.

कल्पकतेचे पाऊल आणि निव्वळ कारागिरी यांतील सीमारेषा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात आखली तो खटला योगायोगाने अशाच एका लहान वस्तूचा होता. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे पितळी व जर्मन सिल्व्हरची भांडी बनविणाऱ्या एका संस्थेने १९५१ साली लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट घेतले. त्याच गावच्या दुसऱ्या भांडेवाल्यांनी ते साधन वापरले म्हणून दावा लागला. कनिष्ठ न्यायालयापासून चढत चढत तो दिल्लीस पोहोचला आणि डिसेंबर १९७८ मध्ये निकाल लागला की यात कारखान्यातील सामान्य सुधारणेपलीकडे काही नाही, म्हणून पेटंट रद्द. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या नावाने तो निकाल आजही प्रत्येक पेटंट परीक्षकाच्या जिभेवर असतो. निकालाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही; आमच्या मते तो योग्यच होता. परंतु तारखा पाहाव्यात. त्या काळच्या १९११ च्या कायद्याप्रमाणे पेटंटाची मुदत सोळा वर्षांची होती. म्हणजे जे पेटंट १९६७ सालीच आपोआप संपले, ते नव्हतेच असा निर्णय १९७८ साली झाला. वरातीमागून घोडे या म्हणीस याहून सुबक उदाहरण कोणत्या शाळामास्तरास सापडेल? पेटंट कार्यालयात १९५१ साली एक दक्ष परीक्षक असता तर दोन भांडेवाल्यांची पंचवीस वर्षे वाचली असती.

सैल परीक्षेचे दुखणे एकट्या भारताचे नाही. हळदीने जखम भरते या प्रत्येक मराठी आजीस ठाऊक असलेल्या गोष्टीवर अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने १९९५ साली पेटंट दिले, आणि डॉ. माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व शोधनिबंध पुढे ठेवल्यावर १९९७ साली ते मागे घ्यावे लागले. तेथील परीक्षक मूर्ख होता असे नव्हे. जे ज्ञान कागदावर त्याच्या भाषेत त्याच्यासमोर नव्हते, ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वात नव्हते.

बॅटरीच्या उपकरणांच्या बाबतीत आज उलटी स्थिती आहे. कागदांचा महापूर आहे आणि तो चिनी भाषेत आहे. चीनच्या कायद्यात नेहमीच्या पेटंटाबरोबर उपयुक्त-नमुना नावाचे एक धाकटे पेटंट आहे. मुदत दहा वर्षांची, आणि देण्यापूर्वी सखोल परीक्षण नाही. जर्मनीने ही कल्पना १८९१ साली व जपानने १९०५ साली आणली. चीनने १९८५ पासून ती आपलीशी केली आणि तिला असे काही खतपाणी घातले की नमुने कापण्याच्या, पकडण्याच्या, चिकटविण्याच्या प्रत्येक खटक्यावर तेथे कोणाचे तरी कागद नोंदविलेले असतात. ते कागद चीनबाहेर कोणाचे हात बांधू शकत नाहीत. परंतु पूर्वज्ञान म्हणून ते जगभर चालतात. भारतीय परीक्षक संगणकावर शोध घेतो, यंत्राने केलेले इंग्रजी भाषांतर वाचतो, आणि तीन चिनी कागद शेजारी ठेवून म्हणतो की पहिल्यात पाते आहे, दुसऱ्यात रूळ आहे, तिसऱ्यात खाच आहे. सबब तुमचे उपकरण उघड आहे. तीन कागदांच्या तीन तुकड्यांतून मागाहून कोणतीही वस्तू जुळविता येते. कोडे सुटल्यावर ते सोपे वाटतेच. ज्याच्यासमोर उत्तर नाही अशा निष्णात माणसास हे तीन तुकडे एकत्र आणण्याचे काय कारण होते, हे परीक्षकाने लिहिले पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये ॲग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या अपिलात नेमके हेच बजावले: पूर्वज्ञान काय, अर्जातील शोध काय आणि निष्णात माणसास तो उघड का वाटेल, या तिन्हींचा विचार आदेशात दिसला पाहिजे, नुसते निष्कर्ष लिहून भागणार नाही. न्यायालयास ही बाराखडी गिरवून द्यावी लागावी यातच आजच्या आदेशांचा दर्जा दिसतो.

तथापि सारा दोष परीक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात हिशेब मांडला आहे. मार्च २०२२ अखेर भारताच्या पेटंट कार्यालयात ८६० माणसे होती. अमेरिकेच्या कार्यालयात ८,१३२ आणि चीनच्या कार्यालयात १३,७०४. अर्जाचा निकाल लागण्यास चीनमध्ये सरासरी २० महिने, अमेरिकेत २३ आणि आपल्याकडे ५८. नियंत्रकांच्या पातळीवर तुंबलेले अर्ज होते १ लाख ६४ हजारांच्या घरात. त्यानंतर भरती झाली, नियमही बदलले. १५ मार्च २०२४ पासून परीक्षणाची विनंती करण्याची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली गेली, हे चांगलेच झाले. पण जो परीक्षक पूर्वी दाबून ठेवत होता तोच आता झपाट्याने हातावेगळे करीत असेल, तर रुग्णाची दोन्ही टोकांनी परवड आहे. माणूस तोच, दिवस तेवढाच, आणि कागद मात्र अधिक. तेव्हा वेळ कोठून काढावयाचा? विचारातून.

दुसरी अडचण अनुभवाची. निष्णात माणसास काय उघड वाटेल हे ठरविणारा परीक्षक पदवीधर असतो, हुशार असतो, कठीण स्पर्धापरीक्षेतून आलेला असतो. परंतु त्याने इलेक्ट्रोडची पट्टी हातात घेऊन सोललेली नसते. घेतली असती तर ती कडेने कशी फाटते आणि रूळ किंचित कलला तर काय होते, हे त्याला एका सकाळीत कळले असते. वडाळ्यापलीकडे अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातून अंबरनाथ, पुणे वा नाशिक किती दूर आहे? परीक्षकांना वर्षातून पंधरवडाभर प्रयोगशाळांत व कारखान्यांत धाडले तर आकड्यांची शर्यत थोडी मंदावेल. मंदावू द्या.

कायद्यातील एक ओळ पुसली गेली तिची हकिगत येथे सांगण्यासारखी आहे. १९७० च्या मूळ कायद्यात, न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाचा ज्यावर मोठा ठसा आहे त्या कायद्यात, उत्पादन चालू असताना यंत्र अधिक कार्यक्षम करण्यासाठी अथवा उत्पादनावर नियंत्रण ठेवण्यासाठी वापरावयाची तपासणीची पद्धत ही शोधच नव्हे असे पोटकलम होते. त्यावेळच्या कायदेकर्त्यांना वाटले असावे की तपासणी ही सर्वांच्या मालकीची असावी. २००२ च्या दुरुस्तीने ते पोटकलम वगळले व मे २००३ पासून तपासणीच्या पद्धतीसही पेटंटाचे दार उघडले. आम्हांला जुन्या भूमिकेत अगदीच तथ्य नव्हते असे वाटत नाही. मोजण्याची रीत एकाच्या मुठीत गेली तर दुसऱ्याचा माल चांगला की वाईट हे ठरवावयाचे कशाने? उद्या एखाद्या मानकात पेटंट घेतलेल्या उपकरणाखेरीज भागणार नाही अशी रीत शिरली तर प्रत्येक बॅटरीवाल्याने त्या एका गृहस्थाच्या दारात उभे राहावयाचे काय? कलम ४७ प्रमाणे निव्वळ प्रयोग, संशोधन वा विद्यार्थ्यांना शिकविणे यांसाठी पेटंट घेतलेले उपकरण बनविता व वापरता येते; म्हणून महाविद्यालयांना भय नाही. कारखान्यातील रोजची तपासणी मात्र त्या सवलतीत बसवणे कठीण. म्हणूनच या जातीच्या अर्जांचे परीक्षण अधिक कसून व्हावे, दावा उपकरणाच्या नेमक्या रचनेपुरता राहावा आणि सोलून पाहण्याच्या सर्वसामान्य रीतीवर कोणाची मालकी पसरू नये, हे समाजाच्याही हिताचे आहे.

आंबिवलीकराकडे पुन्हा वळू. त्याला लवकर परीक्षण हवे असेल तर ८,००० रुपये भरून त्वरित परीक्षणाची सोय आहे. नवउद्योगांना २०१६ पासून, आणि २०१९ पासून लघुउद्योगांना व स्त्री-अर्जदारांनाही. एकट्या पुरुषाने स्वतःच्या नावाने अर्ज केला तर मात्र सामान्यतः ती सोय त्याला नाही. त्याने प्रथम लघुउद्योग म्हणून नोंद करावी, मग घाई करावी. शोध डोक्यात येण्यापूर्वी उद्योगाचे नोंदणीपत्र हाती असावे असा हा व्यवहार आहे. परीक्षकाचे आक्षेप आले की सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते. मुदतवाढ मागता येते. तीही न मागता मुदत टळली तर अर्जदाराने अर्ज सोडून दिला असे कायदा समजतो. सुनावणी आता दूरदृश्य पद्धतीने होते, म्हणून लोकलचा प्रवास तरी वाचतो. परंतु निकाल विरुद्ध गेला तर एप्रिल २०२१ मध्ये अपील मंडळ मोडीत निघाल्यापासून थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. शंकर आबाजी भिसे यांना आपल्या मुद्राक्षर-यंत्रासाठी मुंबई सोडून लंडन आणि पुढे न्यूयॉर्क गाठावे लागले, त्यास शतक उलटले. आज कोणास सागर ओलांडावा लागत नाही. पण गाळ्याचे भाडे थकलेले असताना उच्च न्यायालयातील वकील उभा करणे हे समुद्रपर्यटनाहून स्वस्त आहे असे आम्हांला वाटत नाही.

मग चीनप्रमाणे आपणही धाकटे, विनापरीक्षेचे पेटंट आणावे काय? काही मंडळी तसे सुचवितात आणि लघुउद्योगांच्या कळवळ्याने सुचवितात. आमचे मत विरुद्ध आहे. ज्या कागदामागे परीक्षा नाही तो कागद दुबळ्याच्या हाती ढाल होत नाही. तो ज्याच्याजवळ वकील आहेत त्याच्या हाती काठी होतो. हजार लहान कागद घेऊन बसलेला मोठा कारखानदार आंबिवलीच्या गाळ्यास एका नोटिशीने टाळे ठोकवू शकेल, आणि कागद खोटा ठरेपर्यंत गाळा गोदाम झालेला असेल. धाकटे पेटंट आणावयाचेच असेल तर त्याची मुदत अल्प असावी, आणि नक्कल करणाऱ्यावर दावा लावण्यापूर्वी त्याचे संपूर्ण परीक्षण झाले पाहिजे अशी अट असावी. केंद्राच्या औद्योगिक धोरण विभागाने या विषयावर मे २०११ मध्ये एक चर्चा-टिपण काढून लोकांची मते मागविली होती. मते आली, पण कायदा झालेला नाही. आणि होणार नाही असेही कोणी सांगितलेले नाही. वर्षाला लाखभर पेटंटांचा निकाल लावणाऱ्या सरकारने या एका प्रश्नाचाही निकाल लावावा. उत्तर नकारार्थी असले तरी आम्ही ते याच जागी छापू.